टाकी मिरजेला जाते तेव्हा

नव्वदच्या दशकात मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्टला माझी जोडीदारीण कोयनानगरची. तिचं बालपण धरणाच्या वसाहतीत गेलेलं. जमीन हलली की घरातनं बाहेर पळायचं, हे ती चालायला शिकली तेव्हापासनं शिकलेली. म्हणून आम्ही विषय घेतला: तिरक्या पायांची पाण्याची टाकी भूकंपात किती हलते?

मार्गदर्शक सर म्हणाले, "प्रोग्रॅम गेल्या वर्षीच्या मुलांचा आहे. तुम्ही आकडे भरा आणि रिपोर्ट नीट टाइप करा."

"प्रोग्रॅम आमीच लिवणार, सर," मी म्हणाले. कवठे महांकाळची बोली तोंडातनं तशीच बाहेर पडली. मागं कुणीतरी हसलं. मी वळून बघितलं नाही.

लिहिला. प्रत्येक पायाचा आकड्यांचा एकेक चौकोन, आणि ते सगळे पत्त्यांच्या कॅटासारखे एकामागं एक रचलेले. पाय तिरके, म्हणून प्रत्येक चौकोनाला तिरकेपणाच्या दुसऱ्या चौकोनानं गुणायचं. मध्ये गुणाकाराचं चिन्ह, म्हणजे चांदणी (*), टाकली आणि प्रोग्रॅम चालवला. उत्तरात टाकी हलली ती थेट दहा किलोमीटरवरच्या मिरजेपर्यंत!

लॅब खो-खो हसली. सर म्हणाले, "झाली हौस? आता जुन्या प्रोग्रॅमची उत्तरं लावा आणि मोकळ्या व्हा."

"त्यातली टाकी सरळ पायांची हाय," मैत्रीण म्हणाली. "आमच्या वसाहतीतली तिरक्या पायांची हाय. तिच्याखालनं आमी शाळेला जायचो."

"मग नापास व्हा."

"व्हतो की," मी म्हणाले.

त्या दुपारी दोन ओळी, दोन रकाने एवढाच छोटा चौकोन घेऊन आम्ही हातानं गुणाकार केला. हाताचं उत्तर वेगळं, मशिनचं वेगळं. तेव्हा उलगडा झाला. चांदणी नुसतं घराला घर गुणत होती. पहिलं घर पहिल्याशी, दुसरं दुसऱ्याशी. आम्हाला हवी होती आख्खी ओळ आख्ख्या रकान्याशी गुणून केलेली बेरीज. त्यासाठी प्रोग्रॅमच्या भाषेत वेगळी आज्ञा तयारच होती. दोन्ही चौकोन सारख्या मापाचे, म्हणून मशिननं चूक दाखवलीसुद्धा नव्हती. आज्ञा बदलली. टाकी बोटभर हलली आणि जागेवर आली. मैत्रिणीनं टेबलावर अशी थाप मारली की शेजारचा प्रिंटर दचकला असेल.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "हे लिहिलं कुणी?"

सर म्हणाले, "विभागाचाच प्रोग्रॅम आहे."

"न्हाई सर, आमी दोघींनी लिवलाय," मी म्हणाले. परीक्षकांनी खडू पुढं केला. मी फळ्यावर एक गुणाकार करून दाखवला, मग मैत्रिणीनं त्याच चौकोनांचा क्रम उलटा करून दुसरा. उत्तर बदललं; चौकोनांच्या गुणाकारात ते बदलतंच. परीक्षक मान डोलावत राहिले. सर खिडकीबाहेर बघत होते.

पास झालो. सरांच्या हातातले गुण कमीच पडले. पुढच्या वर्षीच्या मुलांना तोच प्रोग्रॅम दिला गेला, वरची आमची नावं खोडून. मला कळलं तशी मी कॉलेजात गेले, लॅबमध्ये बसले आणि दोघींची नावं परत टाकली. या खेपेला ठळक अक्षरांत, तिचं आधी.