घंटी वाजली तरी बसून राहायचं

माझे धाकटे दीर सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर त्यांची हयात गेली, आणि तीही बसण्यात कमी, उठण्यात जास्त. कचेरीत त्यांना 'स्प्रिंग' म्हणत. घंटी पुरती वाजायच्या आत भाऊजी दारात हजर असत.

फायलींचं लोखंडी कपाट हलवताना ते अंगावर आलं आणि भाऊजींची कंबर कायमची गेली. ऑपरेशन झालं, तरी भिंत धरल्याशिवाय उभं राहवेना. रजा संपली, पगार थांबला. अपंगत्वामुळे निवृत्ती मिळावी म्हणून अर्ज केला. मंजूर झाला तर पेन्शन मिळणार होती. नामंजूर झाला आणि कामावर जाता आलं नाही, तर नोकरी जाणार आणि राहती सरकारी खोलीही.

मेडिकल बोर्डापुढे मी आणि माझ्या जावेनं त्यांना दोन्हीकडून धरून नेलं, खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिले, पाय दाबून पाहिले. मग मधल्या डॉक्टरांनी पुढच्या माणसाला बोलावण्यासाठी टेबलावरची घंटी दाबली, आणि आमचे भाऊजी ताडकन उभे!

"जी साहेब!"

चेहरा पांढराफटक पडला होता, पण साहेबांपुढे कण्हायचं नाही ही जन्माची सवय. उलट हसले.

"हे तर छान उठतात की," डॉक्टर म्हणाले. त्यांनी शेरा लिहिला: बैठं काम करण्यास योग्य.

रिक्षात जाऊ त्यांच्यावर उखडली. "अहो, घरी पाणी प्यायलाही उठवत नाही तुम्हाला! ती घंटी काय तुमची सासू लागते?"

"मला उठल्यावरच कळलं गं, की मी उठलोय."

अपिलाचा अर्ज मी लिहिला. पुन्हा तपासणी होणार होती, आणि ती शेवटची. मग जावेनं तालीम सुरू केली. भाऊजींना खुर्चीत बसवायचं, गप्पा मारायच्या आणि मध्येच स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. टण्ण झालं की ते अर्धे उठत आणि कळ येऊन धपकन पडत.

"बसा म्हणते ना! पेन्शन चालली उठून!"

सुरुवातीला आम्ही तिघंही हसलो. चार दिवसांनीही तेच होताना पाहून जावेनं पेला भिंतीवर फेकला. "ताई, आता कुठे जायचं हो आम्ही? ह्या माणसाला बसताही येत नाही!"

भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, मला खुर्चीला बांधून न्या."

बांधलं नाही. दुसऱ्या बोर्डात प्रमुख डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी घंटी दाबली. भाऊजींनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मानेच्या शिरा फुगल्या, टाचा जमिनीवरून सुटल्या. टाचा परत टेकल्या.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "फार दुखतं का?"

"नाही" म्हणायला भाऊजींचं तोंड उघडलं. जावेनं मागून त्यांचा खांदा घट्ट धरला.

"हो बाई," ते म्हणाले, "सहन होत नाही." आणि साहेबलोकांसमोर ढसाढसा रडले.

काही आठवड्यांनी मंजुरीचा कागद आला. जावेनं तो मोठ्यानं वाचला, मग ती पुन्हा वाचू लागली. भाऊजींनी तिला मध्येच थांबवलं.

"मी बसूनच राहिलो ना गं त्या दिवशी. बाईंना राग आला असेल का?"