बावीस सेकंदांचा सूर

लग्नाच्या दिवशी सकाळी बाबा अंगणात चिकूच्या झाडाखाली पाट टाकून बसत आणि चिंचेच्या कोळाने ट्रम्पेट घासत. आंबट, ओला, पितळेचा असा एक वास अंगणभर पसरे... तो वास आला की मला कळायचं, आज कुठल्यातरी घरातली मुलगी घर सोडून जाणार. घासून झालं की ते ट्रम्पेटचं फुललेलं तोंड माझ्यासमोर धरत आणि त्यात आमची अख्खी वाडी पिवळी, वाकडीतिकडी होऊन उतरे — झाडं, विहिरीचा रहाट, दोरीवर वाळत घातलेले बोंबील आणि मधोमध माझं भलंमोठं नाक. मी खिदळायचे. बाबा मात्र हसत नसत. ट्रम्पेट टेकवून टेकवून त्यांच्या वरच्या ओठावर एक गोल वण पडला होता. हसलं की तो ताणतो आणि दुखतो, असं ते सांगत. मला विचाराल तर ते मुळात हसणाऱ्यांतले नव्हतेच.

घोलवडला एका वाडीच्या कडेला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा तरुणपणी तळासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून कामाला आले आणि इथलेच झाले. आठवडाभर ते चिकू भरायचे. धुऊन, अंगावरची तपकिरी भुकटी जाऊन तुकतुकीत झालेले चिकू लहानमोठे निवडायचे, खाली-वर वाळलं गवत घालून खोक्यात रचायचे; मग ती खोकी स्टेशनाकडे जायची. त्यांच्या बोटांना चिकाचा चिकटपणा कायमचाच. लग्नसराईत त्याच बोटांनी ते ट्रम्पेटचे तीन दट्टे दाबत. झाईपासून डहाणूपर्यंतच्या आठ जणांचा बँड होता आणि त्यात रोज सराव करणारे बाबा एकटेच. आई म्हणायची, "एवढी फुंकर चुलीत घातली असती तर माझे डोळे तरी वाचले असते." बाबा ऐकून घेत आणि भांडी घासायच्या दगडावर बसून पुन्हा फुंकू लागत.

ग्रामोफोन आमच्याकडे आला तो वाडीच्या मालकीणबाईंकडून. शिरीनबाई वाडी विकून कायमच्या मुंबईला निघाल्या, तेव्हा त्यांनी बाबांना बंगल्यावर बोलावलं आणि म्हणाल्या, "लई जा, तारा कामनुं छे." घेऊन जा, तुझ्या कामाचं आहे. पेटी, कर्णा आणि तबकड्यांचं एक खोकं. बैलगाडीच्या धक्क्यांत तबकड्या फुटल्या आणि शाबूत राहिली ती एकच. तिच्यावरचं हिरवं लेबल झुरळांनी कुरतडलेलं, इंग्रजी अक्षरं उरली होती जेमतेम चार. गाडीवाल्याने सामान घरात ठेवलं तेव्हा बाबा डहाणूला लग्नात वाजवायला गेले होते, आई विहिरीवर होती, घरात सात वर्षांची मी आणि पाळण्यात माझा भाऊ. चावी फिरवून ती तबकडी आमच्या घरात पहिल्यांदा मीच लावली. त्या दुपारचं मला फारसं आठवत नाही, असं मी इतकी वर्षं म्हणत आले.

बाबांनी ती ऐकली दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी खरखर, मग एकदम दहा-पंधरा वाद्यं एकत्र उठत — सगळी एका श्वासात, जणू फुंकणारा एकच आणि नळ्या तेवढ्या पंधरा. त्यांच्याखाली ढोलाचा जड, सावकाश ठेका. मग बाकीचे सगळे अदबीने मागे सरत आणि एकटा ट्रम्पेट पुढे येई... ओला, भरल्या गळ्याचा, एकेका सुरावर रेंगाळणारा. आणि अगदी शेवटी तो एक सूर धरी आणि सोडतच नसे. सगळी वाद्यं त्याच्याखाली येऊन थांबत, तरी तो सूर तसाच. न हलता, न थरथरता. बाबा पायातल्या चपलांसकट जमिनीवर बसले. तबकडी संपून सुई नुसती घासत राहिली तरी उठले नाहीत.

"बाय," ते मला म्हणाले, "हा माणूस रडतोय. पण आवाज बघ, हलू देत नाही."

त्या माणसाचं नाव कळायला काही मार्ग नव्हता. बाबा त्याला 'मास्तर' म्हणू लागले. मास्तरच्या सुराशी आपला सूर जुळावा म्हणून ते ट्रम्पेटची पुढची नळी बोटभर बाहेर ओढत आणि अर्ध्या अर्ध्या ओळीने ती चाल गिरवत. मी सुई उचलायची, पुन्हा ठेवायची. पावसाळाभर हे चाललं. बाहेर वाडीत पाणी, घरात ओल्या गोणपाटाचा आणि पिकल्या चिकूचा गोडसर आंबूस वास... तो वास आजही कुठे आला की माझ्या कानात आधी सुईची खरखर सुरू होते.

पुढच्या लग्नसराईत बाबांनी ती चाल पाठवणीला वाजवली. नवरी गाडीकडे निघाली की बाबा ती सुरू करत, आणि शेवटचा लांब सूर धरत तो गाडी वळणाआड जाईपर्यंत. बघता बघता तशी रीतच पडली. सूर चालू असेस्तोवर मुलीने मागे वळून पाहायचं नाही, असं बायकाच सांगू लागल्या. घोलवड, झाई, धाकटी डहाणू — किनाऱ्याच्या गावांतून कितीतरी मुली त्या सुरावर सासरी गेल्या. चाल सुरू झाली की आया पदर तोंडाला लावत. ती सातासमुद्रापलीकडची आहे, हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

पण बाबांना टोचणी लागली होती वेगळीच. मास्तरचा तो शेवटचा सूर बावीस सेकंदांचा होता. मीच मोजला होता, बाबांचं मनगटी घड्याळ हातात धरून, सेकंदकाट्यावर डोळा ठेवून. बाबांचा चौदावर तुटायचा. वर्षभराने सोळा झाले. मग सतरा, अठरा... बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात आम्ही सकाळी सकाळी जायचो, ते समुद्राकडे तोंड करून फुंकायचे आणि मी वाळूत बसून मोजायचे. त्यांच्या गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या फुगत, डोळे लाल होत. एकदा, एकदाच, एकोणीस झाले. मी उड्या मारल्या. बाबा गुडघ्यांत मान घालून बसले आणि म्हणाले, "तीन राहिले."

ते तीन कधी आलेच नाहीत. मी कॉलेजात होते त्या वर्षी धाकट्या डहाणूला एका पाठवणीत, खाडीकडच्या रस्त्यावर, त्यांनी हट्टाने सूर ताणला. नाकातून रक्त आलं, तरी सोडला नाही, आणि भर वरातीत ते कोसळले. नवरीने मागे वळून पाहिलं. डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती सांगितली होती, दोनच महिने. बाबांनी मात्र ट्रम्पेट जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकला तो कायमचा. "त्याला जमतं, मला जमत नाही," ते म्हणाले. "मी आपला चिकू भरणारा."

त्यानंतर वर्षभराने माझं लग्न ठरलं, तळासरीला. मी त्यांच्या पाया पडून विनवलं, चौदाच सेकंद वाजवा, दहाच वाजवा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्धवट सुरावर पोरगी पाठवायची नसते." माझ्या पाठवणीला कुणाचीतरी कॅसेट लावली होती. मी चार पावलांवरच मागे वळून पाहिलं. बाबा मांडवात नव्हते. त्या गोष्टीचा राग मी किती वर्षं धरला, हे सांगायला आज लाज वाटते.

आता मी तळासरीला शाळेत शिकवते. आई जाऊन चार वर्षं झाली. भाऊ वापीला कारखान्यात, आणि बाबा घोलवडच्या त्या दोन खोल्यांत एकटे. पुढचे दात गेलेले, छाती भात्यासारखी वाजणारी. गेल्या वर्षी मोठा मोबाईल हातात आला तेव्हापासून मला नादच लागला — लेबलावरची ती चार अक्षरं टाकायची आणि जे निघेल ते ऐकायचं. किती ऐकलं! जुने, मोठमोठे बँड, चकचकीत कोटांतले वीस-वीस वादक, एकाच वेळी उभे राहणारे आणि एकाच वेळी बसणारे. त्या ट्रम्पेटवाल्यांच्या मी प्रेमात पडले. छपरावर चढून हाका मारल्यासारखे वाजवत होते ते लोक. पण आमचा मास्तर काही सापडेना.

तो सापडला एका रविवारी दुपारी, आणि मी त्याला ओळखलंच नाही. तो नाचत होता! लग्नात पोरं नाचतात तसली ती चाल, धावती, मस्तीखोर, पाय थांबू न देणारी. चित्रातला माणूस साहेब नव्हता. आपल्यासारखा काळासावळा, घामाघूम, गालांचे फुगे केलेला. मी पुढे सरकणार, तोच शेवटचा सूर आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. किती उंच! बाबांच्या सुराहून कितीतरी वर. मी सवयीने मोजू लागले. सतरा. पुन्हा लावलं, पुन्हा मोजलं. सतराच.

मी पुढची बस धरून घोलवडला गेले. बाबा बाहेर बाजेवर डुलकी घेत होते. माळ्यावरून ग्रामोफोनची पेटी खाली काढली, झाकण उघडलं, आणि तबकडीच्या कडेचा, वेग कमीजास्त करायचा छोटा पितळी काटा दिसला — हळूच्या टोकाला नेऊन टेकवलेला. आणि ती सगळी दुपार माझ्यापुढे उभी राहिली... कर्ण्यातून एकदम उसळलेला कल्लोळ, पाळण्यात दचकून किंचाळणारा भाऊ, आवाज बारीक करायला म्हणून मी सरकवलेला काटा. आवाज बारीक झाला नव्हता, संथ झाला होता. भाऊ मात्र निजला होता. मी तो काटा परत जागेवर नेला नाही, आणि घरात दुसरी धड तबकडी नव्हती की कुणाला शंका यावी.

मी बाबांना उठवलं आणि काही न सांगता मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण हा? एवढी घाई कसली याला?" मग त्यांची बोटं गुडघ्यावर हलू लागली... तीन बोटं, तीन दट्टे, आधी मागे पडत, मग त्या धावत्या चालीला गाठत. शेवटच्या सुराला बोटं थांबली.

"मास्तर," ते म्हणाले.

"बाबा, तो काटा मी सरकवला होता. लहानपणी, तुम्ही यायच्या आधी. मशीन हळू चालायचं." "उंच तो वाजवतो, तुमच्याहून उंच. पण त्याचा सूर सतराचा आहे. तुमचा एकोणीसचा होता."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते अंगणातल्या झाडाकडे बघत होते. फांदीवर एक खार पिकला चिकू कुरतडत होती.

"म्हणजे तुझ्या पाठवणीला वाजवता आलं असतं," ते म्हणाले.

मी चहा केला, दोघांनी प्यायला. मी काटा मधोमध आणायला गेले तर म्हणाले, "राहू दे. ज्या गेल्या त्या त्याच्यावरच गेल्या." संध्याकाळच्या बसची वेळ झाली तशी मी पाया पडून निघाले. वाडीच्या कुंपणापर्यंत गेले असेन नसेन, तेवढ्यात मागून आवाज आला. बाबा उठून उभे राहिले असावेत, दोन्ही हात तोंडाभोवती धरून. पुढचे दात नाहीत, ओठांत जोर नाही, नुसत्या घशातून चाल — तीच, संथ, आमची. मी थांबले नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. चाल संपली आणि शेवटचा सूर लागला, फाटका, थरथरता, आणि मी चालता चालता मोजू लागले.

नऊपर्यंत आले, तेव्हा मागून खोकल्याची उबळ ऐकू आली. तरी मी वळणाआड जाईपर्यंत मोजत राहिले.