सड्यावरचा चार्जर

तिसऱ्यांदा गन लावली आणि तिसऱ्यांदा लाल दिवा लागला.

गन म्हणजे चार्जरच्या जाड केबलच्या टोकाचा, गाडीत बसवायचा भाग. पेट्रोल पंपावर नळीचं टोक असतं, तसा. गाडी दिगंबरची. पांढरी, इलेक्ट्रिक, टॅक्सीची. बॅटरी अकरा टक्क्यांवर. दीड तासाने त्याला हरमलच्या एका गेस्टहाऊसवरून पाहुणे उचलून मोपाच्या विमानतळावर सोडायचे होते.

"मॅडम," दिगंबर म्हणाला. तो खुशीत असला की मला 'बाय' म्हणतो, आमच्याकडे घरच्या मुलीला म्हणतात तसं. तापला की मी 'मॅडम' होते. "मॅडम, माझी जुनी डिझेल गाडी धूर सोडायची, आवाज करायची, सगळा खरा. पण तिका रोज इंजिनियर लागत नव्हतो."

गेल्या ऑगस्टमध्ये हा चार्जर सुरू झाला तेव्हा पंचायतीच्या हॉलमध्ये भाषण मीच ठोकलं होतं. स्वच्छ हवा, स्वतंत्र टॅक्सीवाला, गावाच्या जागेवर गावाचा चार्जर. तेव्हा टाळ्या पडल्या. महिनाभराने दिगंबरने डिझेल गाडी विकली आणि ही घेतली. माझ्या शब्दावर घेतली, असं तो चारचौघांत सांगतो.

मी एका चार्जिंग कंपनीत फील्ड इंजिनियर आहे. राहते डिचोलीत, आणि डिचोली-पेडणे या दोन तालुक्यांतले आमचे सगळे चार्जर माझ्या गळ्यात आहेत. बिघडले की मी स्कूटर काढायची. हा चार्जर पेडण्यातल्या सड्यावरचा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात हिरवंगार, एप्रिल-मेमध्ये तापलेला तवा. जवळपास दुसरा फास्ट चार्जर नाही. घरच्या प्लगवर दिगंबरची गाडी भरायला अख्खी रात्र जाते, आणि दिवसात दोन भाडी मारायची तर मध्ये एकदा फास्ट चार्जर लागतोच.

तीन आठवडे तो धड चालत नव्हता. चार्जिंग सुरू व्हायचं, मिनिटभरात बंद. लॉगमध्ये, म्हणजे चार्जर स्वतःची जी नोंद ठेवतो तिच्यात, एकच ओळ: ग्राउंड फॉल्ट. याचा साधा अर्थ, वीज जिथून जायला नको तिथून झिरपतेय, किंवा झिरपली तर जमिनीत उतरायला नीट वाट नाही. केबल हजार वेळा वाकवली जाते, म्हणून मी पहिला संशय केबलवर घेतला. गनसकट बदलली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग कंट्रोल बोर्ड बदलला. पुन्हा तेच. मी हेड ऑफिसला तिखट मेल लिहिला की तुम्ही गावांना हलका माल पाठवता आणि चांगला माल समुद्रकाठच्या हॉटेलांना. पाच परिच्छेद होते. वाचताना मलाच माझा अभिमान वाटला होता.

त्या मेलचं उत्तर त्याच दुपारी, लाल दिव्यासमोर उभी असताना, फोनवर आलं. शिरोडकर सर, आमचे एरिया मॅनेजर, पणजीहून.

"मेल वाचला. भाषा चांगली आहे तुझी. आता ऐक. त्या साइटचा अपटाइम बघितलास?"

अपटाइम म्हणजे महिन्यातला किती वेळ चार्जर खरोखर चालू होता, त्याची टक्केवारी.

"बघितला, सर."

"मग शुक्रवारी माणसं येतायत. चार्जर उचलतोय. मांद्र्याच्या रिसॉर्टने जागा दिलीय. सावली आहे, वॉचमन आहे, कॅमेरा आहे."

"आणि गेटही आहे, सर. वॉचमन टॅक्सीवाल्याला आत सोडणार आहे का? ज्याला आत जायला परवानगी लागते त्याला सार्वजनिक चार्जर कसं म्हणायचं?"

"तुझा सार्वजनिक चार्जर चालत नाहीये, बाई."

बुधवार होता. माझ्याकडे दीड दिवस होता, आणि दिगंबरकडे दीड तासातली वीस मिनिटं संपली होती.

मी गाडीपासून लांब जाऊन डोकं शांत केलं. केबल नवी. बोर्ड नवा. उरलं काय? अर्थिंग. यंत्रात चुकून वीज बाहेर आली तर ती माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत जावी, म्हणून जमिनीत तीन मीटर खोल एक तांब्याची कांब गाडतात. वर सिमेंटचा छोटा चौकोन असतो, गटाराच्या झाकणासारखा. ही वाट बरोबर नसेल तर चांगला चार्जर वीज द्यायलाच नकार देतो. तसा द्यायलाच हवा.

पण अर्थिंग मी स्वतः मोजून पास केली होती. फायलीत माझी सही होती, आकडा सुंदर होता. आणि पुन्हा मोजायचं तर टेस्टरच्या लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकाव्या लागतात. मे महिन्यात जांभ्यात खुंटी ठोकून बघा. म्हणून आधीच्या दोन्ही खेपांना मी फाईल बघितली आणि जमीन सोडून दिली. आळस केला, दुसरा शब्द नाही.

खुंट्या काढल्या. दिगंबरने न सांगता हातोडा घेतला.

"ठोकतंय मी. तुमी हिशेबाचा बघा."

दहा मिनिटं तो दगडाशी भांडत होता. मग मी टेस्टरचं बटण दाबलं. हा आकडा जितका कमी तितका बरा, आणि आला तो ऑगस्टच्या आकड्याच्या कितीतरी पट. मला वाटलं टेस्टर बिघडला. पुन्हा मोजलं. तेवढाच.

मी सिमेंटचं झाकण उचललं. आत माती अशी कोरडी की बोटाने भुकटी उडाली. आजूबाजूला वाळलेल्या काटक्यांची रांग होती. थोडा वेळ लागला मला त्या काटक्या ओळखायला. ती अबोली होती. मार्चमध्ये इथे अबोलीचा ताटवा होता, केशरी, डोळ्यांत भरेल असा.

चार्जरच्या बाजूलाच शेवंतीकाकीचा गाडा आहे. चहा, भजी, पाव. दिगंबर चार्जिंगला आला की तिच्याकडेच बसतो. मी तिच्याकडे वळले.

"काकी, तुमची अबोली मेली की काय?"

"मेली," काकी भजी उलटत म्हणाली.

"पाणी नाही घातलं?"

तिने झारा थांबवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी उन्हातही गार झाले.

"माका कित्याक इचारतंस, बाये? तुझ्या कागदाक इचार."

चार्जरच्या अंगावर मीच चिकटवलेला कागद होता. लाल अक्षरं, तीन उद्गारचिन्हं. 'चार्जरच्या परिसरात पाणी टाकू नये!!! विजेचा धोका! सर्वांच्या सुरक्षेसाठी!' मार्चमध्ये सेफ्टीचा एक मेल आला होता. मी त्याचा अर्थ माझ्या उत्साहात लावला, घरी बसून मसुदा केला, मोठा प्रिंट काढला. वर काकीला उभं करून वीज आणि पाणी या विषयावर पंधरा मिनिटं ऐकवलं. काकी तोवर गाड्यावरचे पेले-बशा धुतलेलं पाणी, दिवसाला सहा-सात बादल्या, अबोलीच्या आळ्यात ओतायची. ते आळं बरोबर अर्थिंगच्या भोवती होतं. सड्यावर ओलावा टिकतो तेवढीच ती जागा होती. माझ्या त्या भाषणानंतर ती बादल्या उचलून रस्त्यापलीकडच्या चरात ओतायला लागली.

आणि ऑगस्टमधला माझा सुंदर आकडा? तो पावसातला. पावसात गोव्यातली कुठलीही अर्थिंग पास होते. पाऊस गेल्यावर मार्चपर्यंत, पाच महिने, तो आकडा काकीने सांभाळला होता.

म्हणजे चार्जर बिघडलाच नव्हता. त्याच्या पायाखालची जमीन सुकली होती आणि तो इमानाने नकार देत होता. मी मात्र चांगली केबल आणि चांगला बोर्ड काढून पणजीला पाठवले होते. वर तो पाच परिच्छेदांचा मेल.

"काकी," मी म्हटलं, "पेले धुतलेलं पाणी आहे का आता?"

"आसा. पण कागद काय म्हणता?"

"कागद चुकला."

"कागद चुकलो काय लिवणारी चुकली?"

"लिवणारी."

काकी हसली नाही, पण बादली पुढे सरकवली. दिगंबरने मात्र आकाशाकडे बघून हात जोडले.

"तीन आठवडे! तीन आठवडे मी नार्व्याच्या सासुरवाडीक जावंक नाय, चार्जिंग नाय म्हणान! बायलेन काय काय ऐकयला माका! आनि औषध काय, तर भांड्यांचा पाणी!"

"दिगूबाब, भांडण नंतर. बादली उचला."

कामाला लागण्याआधी मी मेन स्विच पाडला, ही गोष्ट सांगून ठेवते. पाणी मातीत घालायचं, यंत्रावर नाही. एवढा एकच फरक मी माझ्या कागदात लिहायला हवा होता. आम्ही पाच बादल्या ओतल्या. माती तहानलेल्या बैलासारखी पीत होती. सहावी बादली काकीने स्वतः आणली आणि आळ्यात गोल फिरवत, सराईत हाताने ओतली. मग सगळ्यांनी उभ्याउभ्याच चहा घेतला, कारण पाणी खाली मुरायला वेळ द्यावा लागतो आणि दिगंबर बसायच्या मनःस्थितीत नव्हता.

चहा संपल्यावर मोजलं. आकडा उतरला होता. ऑगस्टइतका नाही, पण नियमात बसणारा. पुन्हा मोजलं, कारण माझ्या सहीवर आता माझाच विश्वास नव्हता. तोच आकडा. मेन चढवला. गन लावली.

हिरवा दिवा.

एक मिनिट गेलं. दोन. पंख्यांचा घुर्र आवाज सुरू झाला. बारा टक्के. तेरा. दिगंबर स्क्रीनकडे बघत होता, लोक टीव्हीवर शेवटचं षटक बघतात तसा. तीस टक्क्यांना त्याने गन काढली.

"पुरे, बाय. हरमल, मोपा आणि परत. पावलो." आणि गेला. पाहुण्यांचं विमान चुकलं नाही, हे त्याने संध्याकाळी फोन करून दोनदा सांगितलं.

मी शिरोडकर सरांना फोन लावला.

"सर, सापडलं. अर्थिंग सुकली होती."

"सुकली? पास केली होतीस ना?"

"पावसात केली होती. चूक माझी. आणि नंतर पाणी बंद केलं तेही मीच."

सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे आपला चार्जर एक चहावाली चालवत होती."

"हो सर. पाच महिने, विनातक्रार. आपल्या मेंटेनन्स शीटवर तिचं नाव असायला हवं. केअरटेकर म्हणून. रीतसर."

"व्हेंडर कोड कुठून आणू तिला?" व्हेंडर कोड म्हणजे बाहेरच्या माणसाला कंपनीकडून पैसे मिळायला लागतो तो नंबर.

"सर, ऑफिसच्या एसीला बुरशी आली तरी न फिरकणाऱ्या एसीवाल्याला व्हेंडर कोड आहे आपल्याकडे."

ते हसले, तेव्हा मला कळलं की चार्जर वाचला.

शुक्रवारी माणसं आली, पण उचलायला नाही. उताराच्या बाजूला, जिथे माती जरा खोल आहे, तिथे त्यांनी दुसरी कांब गाडली, भोवती ओलावा धरून ठेवणारी पावडर भरली आणि पाणी घालायला पाइप वर काढला. काकीला मी केअरटेकरची गोष्ट सांगितली, जरा भाषणाच्या सुरातच. तिने मध्येच थांबवलं.

"नाव र्‍हवंदे. नळ दी. मी पाणी खालच्या बावडेसून हाडतंय, ठावक आसा तुका?"

ती पाणी खालच्या विहिरीवरून आणते, हे मला ठाऊक नव्हतं. आठ महिने त्या गाड्यावर चहा पिऊन ठाऊक नव्हतं. अर्ज लिहिला, पंचायतीत दोन फेऱ्या मारल्या, एकदा आवाज चढवला. नळ आला. कंपनीने नावही लावलं, थोडं उशिरा.

तक्रार बंद करताना आमच्या फॉर्ममध्ये बिघाडाचं कारण निवडावं लागतं. चार पर्याय असतात: यंत्र, सॉफ्टवेअर, वीजपुरवठा, ग्राहक. इंजिनियर हा पर्याय नाही. मी तो वाढवायला सांगितलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

तोपर्यंत मी माझ्यापुरता नियम केला आहे. अर्थिंग मेमध्ये मोजायची. आणि चालणारं यंत्र अचानक बंद पडलं की काय मोडलं हे शोधण्याआधी शेजारच्याला विचारायचं, इथे कोणी रोजचं काही करायचं थांबवलं का. या प्रश्नासाठी टेस्टर लागत नाही. चहा घ्यावा लागतो.