सत्तर सेकंदांची फीत

स्टुडिओत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. खरं तर तिथं तिनं कधी कात्री धरलीच नव्हती. तिचं हत्यार दाढीचं ब्लेड. आई शिवणकाम करायची, त्यामुळे ‘दहादा मोज, एकदा काप’ हे बाळकडूच. रेडिओवरच्या वक्त्यांचे खोकले ध्वनिफितीतून कापून काढण्यात तिची दहा वर्षं गेली. मग गिटारी नि ड्रम घेऊन केसाळ पोरांची पिढी आली, पॉप-रॉकचा धुमाकूळ सुरू झाला, आणि त्यात तिचा सख्खा धाकटा भाऊही. घरात त्याला झिपऱ्या म्हणत.

आज त्याच्याच बँडचं पहिलं गाणं तिच्या मशीनवर होतं. दोन कडवी, प्रत्येकामागे धृपद, मग सत्तर सेकंद झिपऱ्याची एकट्याची गिटार, आणि शेवटी पुन्हा धृपद. एकूण चार मिनिटं वीस सेकंद.

“सव्वातीन मिनिटांच्या वर रेडिओवाले लावत नाहीत,” रेकॉर्ड कंपनीचे साहेब दारातूनच म्हणाले. “बाई, गिटार उडवा. पाचला गाडी तबकड्यांच्या कारखान्यात निघते. चुकली, तर यांची जागा दुसऱ्या बँडला.”

घड्याळात साडेचार.

“नक्कल काढून तिच्यावर काप की!” झिपऱ्या म्हणाला.

“नकलेत खरखर वाढते, हे तूच सांगत फिरतोस ना? आणि वेळ कुठाय?”

“ताई, पोटच्या पोराला कापतेयस माझ्या.”

“पोर तुझं, बदनामी माझी. सरक, उजेड अडवू नकोस.”

दोन्ही रिळं हातानं मागंपुढं करत तिनं ठोका शोधला, पिवळ्या पेन्सिलीनं खूण केली. ब्लेड फिरलं. पुन्हा फिरलं. सव्वीस मीटर फीत सळसळत जमिनीवर पडली. झिपऱ्या उकिडवा बसून ती गोळा करू लागला.

तिनं सांधा जोडला, मशीन लावलं. दुसरं धृपद संपलं, शेवटचं सुरू झालं, आणि गाणं ठेचकाळलं. जिना संपलाय हे न कळून पुढच्या पायरीसाठी पाय आपटावा, तसं.

कारण तिला लगेच कळलं. जुन्या वाद्यवृंदात काठी हलवणारा एक जण सगळ्यांना ताब्यात ठेवायचा. इथं चौघांवर कुणाचाच लगाम नाही, आणि गिटारच्या नादानं ड्रमवाला पेटलेला. सत्तर सेकंदांत त्यानं वेग वाढवला होता. मध्ये गिटार होती तोवर खपलं. आता दोन वेग समोरासमोर आले.

“मोडलंस!” झिपऱ्या ओरडला.

“बारा मिनिटं,” बाहेरून साहेब.

तिनं डोळे मिटले. “शेवटच्या धृपदाआधी तुम्ही सगळे क्षणभर थांबता. तेव्हा गाणारा श्वास घेतो. चांगला दणदणीत. आठवतं?”

“मग?”

“तो श्वास तुझ्या हातात आहे.”

झिपऱ्यानं हातातल्या वेटोळ्याकडे पाहिलं.

“डाव्या हातातलं टोक. वीतभर दे.”

“सगळी कापून काढलीस, आता वीतभर मागतेस?”

“मागते. नाही दिलंस तर लंगडं गाणं जाईल, नाहीतर जाणारच नाही. चटकन बोल.”

त्याची मूठ सुटेना. अंगठा पांढरा पडला होता. ती थांबली. घड्याळ थांबलं नाही. शेवटी त्यानं मान फिरवून टोक पुढं केलं, इंजेक्शनला दंड द्यावा तसं.

नखानं जुना सांधा सोडवणं, वीत कापणं, दोन नवे सांधे. घामानं चिकटपट्टी दोनदा बोटालाच चिकटली. मग मशीन सुरू.

धृपद संपलं. श्वास. धृपद सुरू झालं. दम घेऊन निघालेला माणूस जरा भरभर चालला, तर कुणाला नवल वाटत नाही.

झिपऱ्या भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. “पुन्हा लाव.”

तिनं लावलं.

“कळत नाही गं,” तो म्हणाला. “इथं माझी गिटार होती, हेही कळत नाही.”

तिनं मशीनवरून रीळ उतरवलं. साहेब रीळ घेऊन धावले; खाली गाडीचं दार आपटलं.

ती एक रिकामं रीळ घेऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. “ओढू नकोस, फीत ताणली जाते. सूर घसरतील.”

“पुढचं गाणं तुझ्याकडे आणणार नाही.”

“नको आणूस. पण ड्रमवाल्याला आवर.”

तो हसला नाही. तिनं रीळ धरलं, तो हळूहळू गुंडाळत राहिला. सव्वीस मीटर, वीतभर कमी.