यादीत माझं माहेरचं नाव

हडपसरला एका कॉम्प्युटर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी चपात्या लाटायचे, तेव्हाची गोष्ट. दुपारची गर्दी ओसरली की एक मॅडम लॅपटॉप घेऊन चहाला बसायची. पोरगी चांगली होती. एकदा म्हणाली, "मावशी, शेतीच्या अनुदानाच्या याद्या आता नेटवर टाकल्यात. कोणाला काय मिळालं, सगळं दिसतं. तुमचं गाव सांगा, गंमत बघू."

मी उमरग्याकडचं माझं गाव सांगितलं. तिने ठिबक सिंचनाची यादी उघडली. ती नावं वाचत होती आणि मला हसू येत होतं, कारण एकाच घरातली चार-चार माणसं निघत होती. मग माझंच नाव आलं. सासरचं नाही, माहेरचं. पुढे वडिलांचं नाव, आडनाव, सगळं बरोबर.

मी सातवीतून शाळा सोडलेली बाई. सरकारी कागदात नाव म्हणजे मागून पोलीस, एवढंच कळायचं. म्हटलं, "मॅडम, मी काही घेतलेलं नाही हो. मला शेतच नाही."

"शेत नावावर असल्याशिवाय हे मिळत नाही, मावशी. सातबाऱ्यावर तुमचं नाव असणार."

वडील गेल्यावर वारस म्हणून माझंही नाव लागलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. बहिणी कुठे विचारतात? नवरा वारला तेव्हा धाकट्या भावानेच मला पुण्यात आणून कामाला लावलं. दरवर्षी तो एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून द्यायचा आणि मी फोनवर दहा वेळा उपकार मानायचे. ते उपकार खोटे नव्हतेच. पण त्या पोत्यात थोडी ज्वारी माझी होती.

भावाला फोन लावला. "तुला कोण सांगितलं?" हे त्याने आधी विचारलं. मग म्हणाला, "माझ्या वाट्यावर एकदा घेतलंय, अक्का. दुसऱ्यांदा देत नाहीत. म्हणून तुझ्या नावावर घेतलं. पायपा रानात हायत, ये आन बघ."

"आणि सही?"

"मीच केली. तेवढ्यासाठी तुला कामून बोलवायचं?"

मॅडम म्हणाली, तक्रार करता येते, मी लिहून देते. केली तर भाऊ अडकणार, नाही केली तर मीच अडकेन की काय, ही धास्ती. दोन दिवस चपात्या करपल्या.

चौथ्या दिवशी भाऊच खोलीवर हजर. पिशवीत स्टॅम्पपेपर. "हक्कसोड हाय. सगळ्या बहिणी देतात. सही कर, म्हणजे पुन्हा तुझं नाव यादीत यायचं नाही."

मी ओळीवर बोट ठेवून वाचायला बसले. वडिलांच्या जमिनीतला वाटा मी राजीखुशीने भावाला सोडते, असं होतं.

"सातवी शिकलीस आन वकिलावानी वाचायलीस!"

"सातवीच म्हणून वेळ लागतोय. थांब."

शेवटपर्यंत वाचून कागद परत दिला. "तक्रार करणार नाही. पायपा तिथंच राहू दे. पण ही सही नाही."

"म्हणजे भाऊ नको तुला."

"नको असता तर तक्रार केली असती. पुढं कधी अर्ज करायचा झाला तर मला विचार. माझी सही मी येऊन करीन."

त्याने कागदाची घडी केली. म्हणाला, "वाढ जेवायला."

जेवला आणि गेला. पुढे वर्षभर फोन मीच करायचे. तो उचलायचा, एवढं बरं होतं.