निळ्या धुराचं निदान : नगर ते राजूर आणि परत

नगरहून राजूरला गाडीने कसं जावं, असं विचारणारे तीन-चार निरोप या ब्लॉगवर येऊन पडले आहेत. सांगतो. पण मी त्या वाटेने पहिल्यांदा गेलो ते नव्वदच्या दशकात, नुकताच शाळेत चिकटलेला अठ्ठावीस वर्षांचा संस्कृतचा मास्तर असताना. त्यामुळे वाट सांगायला बसलो की मध्ये धूर येतो. त्याला माझा इलाज नाही.

आमच्याच शाळेत विज्ञान शिकवणारे साळवे सर माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्यांची धाकटी बहीण सुजाता राजूरच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीत दिलेली होती. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नगरला, व्हायचं ठरलं होतं. वाडीचा कच्चा रस्ता पावसाळ्यात बंद पडतो, म्हणून मे महिन्यातच तिला आणायला हवं होतं. राजूरच्या जीपगाड्यांत माणसं आत कमी आणि बाहेर जास्त बसतात, एस.टी.तही उभं राहायला जागा मिळणं कठीण. राहता राहिली माझी गाडी. ती एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतलेली, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली, वयाने जवळजवळ माझ्याएवढी होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पेट्रोल भरून आलो, गाडी बंद केली आणि तत्काळ इंजिनातली तेल मोजायची पट्टी उपसून पाहिली. तेल खालच्या खुणेशी दिसलं. मी अर्धा लिटर ओतलं आणि साळव्यांना सांगितलं नाही. गाडी तेल पिते असा संशय आला असता, तर बहिणीच्या काळजीने त्या गृहस्थाने रात्र डोळ्यांवर काढली असती.

शनिवारी सकाळी गाडी सुरू केली तेव्हा सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत निघाला आणि विरला.

"हे काय, पंडित?" साळव्यांनी विचारलं. मला ते रागावले की 'जोशी सर' म्हणत, एरवी पंडित.

"शिंकली. सकाळी एकदा शिंकते."

आम्हां संस्कृतवाल्यांना धूर नवा नाही. अनुमान शिकवायचं म्हणजे डोंगरावर धूर दाखवायचा आणि विद्यार्थ्याकडून अग्नी वदवून घ्यायचा, ही आमची जुनी रीत. मात्र धुराचा रंग कोणता, हे विचारायचं आमच्या परंपरेत कुणाला सुचलेलं नाही. इथेच घोटाळा झाला.

रस्ता असा: नगरहून राहुरी, पुढे कोल्हार, तिथून डावीकडे लोणीवरून संगमनेर. उसाचा हंगाम आटोपला होता, त्यामुळे ट्रॉल्यांची आडकाठी नव्हती. कोल्हारला मिसळ खा. आम्ही खाल्ली तेव्हा तर्री दुसऱ्यांदा मागितली तरी दुकानदार कपाळाला आठी घालत नव्हता. आता घालतो की नाही, मला कळवा. संगमनेरला मी केळी घ्यायला उतरलो. साळवे म्हणाले, "तुम्ही जा, मी जरा गाडीपाशी थांबतो."

संगमनेर सोडलं आणि गाडी खऱ्या अर्थाने धुरकट झाली. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या वाटेवर एक मोटरसायकलवाला बराच वेळ मागे खोकत होता. शेवटी तो शेजारी आला.

"ओ काका, मच्छर मारायची गाडी हाय का सरकारी?"

अठ्ठाविसाव्या वर्षी काका म्हटलं गेल्याचं दुःख मला धुराहून जास्त झालं. साळवे मात्र मागच्या काचेतून सारखे पाहत होते.

अकोल्यात स्टँडजवळच्या एका मिस्त्रींनी उभ्या उभ्या धडा दिला. काळा धूर म्हणजे पेट्रोल जादा. पांढरा न थांबणारा धूर म्हणजे पाणी. निळा म्हणजे तेल जळतंय. सकाळी एक झोत आला, नाहीतर उतार संपून रेस दिल्यावर आला, तर व्हॉल्व्हची सीलं. पण रेस दिली की दर वेळी येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा. "तुमचा दर येळंला येतोय. रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागंल."

"उद्या बहिणीला घेऊन परत यायचंय," साळवे म्हणाले. "पोटुशी आहे."

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलं, मग साळव्यांकडे. "मंग हिच्यातनं नका आनू, सर. मधीच बसली तर काय करताल?"

पुढच्या वीस-बावीस किलोमीटरांत साळव्यांनी मागची काच चार वेळा पुसली. विठ्याचा घाट चढताना आम्ही मागे सोडलेल्या धुरात एक अख्खी एस.टी. दिसेनाशी झाली. घाट मात्र सुंदर आहे, गाडी धड असेल तर थांबून बघा.

वाडीत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सुजाताचे सासरे, तात्या, वाटेवरच उभे होते. "जय भीम, गुरुजी! या, पाय धुवा." गाडी घरासमोरच्या चढावर, तोंड वर करून उभी केली. तांदळाची भाकरी, वाटणाचं कालवण, वर आंबेमोहराचा भात. नको म्हटलं तर ताटात दुप्पट पडतं, हे तिकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. हो म्हटलं तरी तेवढंच पडतं.

सुजाताची पिशवी आठ दिवसांपूर्वीच भरून दाराशी ठेवलेली होती. नवरा नाशिकला कारखान्यात, घरात सासू-सासरे. साळव्यांनी चाचरत धुराची गोष्ट काढली.

"म्हणजे मी यायचं नाही?"

"उद्या राजूरला एका मिस्त्रीला गाडी दाखवू. तो नको म्हणाला, तर..."

"तर मी इथंच. पाऊस लागला की वाडीतनं झोळी करून न्यायचं, मोठ्या जाऊबाईंना नेलं तसं." ती भावाला दोष देत नव्हती, हे साळव्यांना जास्त लागलं. त्यांनी पुढची भाकरी मोडली ती तशीच हातात राहिली.

रविवारी सकाळी गाडी सुरू केली आणि वाडी दिसेनाशी झाली. कोंबड्या कौलांवर गेल्या. धुराच्या आतून तात्यांचा आवाज आला, "आयला, ह्ये लई वाढलं की!"

सुजाता पिशवी घेऊन बसली. मिस्त्रीने नकार दिला तर तिला परत न्यायला तात्याही बसले.

राजूरचा गोरख मिस्त्री जीपगाड्यांचा वैद्य. इंजिन चालू ठेवून त्याने तेलाचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला. "आतनं हवेचा धक्का न्हाई. रिंगा शाबूत हाईत." मग इंजिनाची हवा गाळायची जाळी काढली. ती तेलाने निथळत होती. त्याने "हं" केलं, गाडी सपाटीवर घ्यायला लावली, बंद केली आणि चहा मागवला.

"आता?" साळवे.

"आता दहा मिनिटं च्या प्या. तेल खाली उतरू द्या. गाडी बंद केल्या केल्या मोजलं, न्हाईतर चढावर मोजलं, तर पट्टी खोटं बोलती."

मी भरला कप खाली ठेवला. शेजारी साळव्यांनीही ठेवलेला दिसला. तो का, हे मला तेव्हा कळलं नाही.

दहा मिनिटांनी त्याने पट्टी काढली. वरच्या खुणेच्याही वर, जवळजवळ मुठीपर्यंत तेल. गोरखने ती सर्वांना दाखवली.

"इंजिनात तेल हाय का तेलात इंजिन? उसळून हवेच्या नळीतनं आत जातंय आन् जळतंय. कुनी घातलं येवढं?"

मी समोरच्या डोंगराकडे पाहिलं. साळवेही त्याच डोंगराकडे पाहत होते.

"दादा," सुजाता म्हणाली, "माझ्याकडं बघ."

"संगमनेरला अर्धा लिटर," साळवे पुटपुटले. "पंडित केळी आणायला गेले होते. तेल कमी दिसलं. आता गाडीवाल्याच्या तोंडावर कसं सांगायचं? त्यांना गाडीचा अभिमान."

"आणि सर, तुम्ही?"

"शुक्रवारी. अर्धा," मी म्हणालो. "तुझ्या भावाला काळजी नको म्हणून."

"एक लिटर झालं," गोरख म्हणाला. "ह्ये त्याच्यापरीस जास्त हाय."

मग तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "म्या काल येक डबडं वतलं. पंपाच्या इंजिनाला आनल्यालं हुतं. तुमी पाय धुवायला गेल्तात तवा पट्टी बघितली, कोरडी दिसली. पाहुनं पोटभर जेवनार आन् पाहुन्याची गाडी उपाशी? बरं दिसतं का त्ये?"

"मग सांगायचं ना, मामा!" सुजाता सासऱ्यांना म्हणाली.

"वाढल्यालं कुनी सांगत असतं व्हय?"

सुजाता हसायला लागली ती पोटाला हात लावून खालीच बसली. साळवे घाबरून पाणी आणायला धावले. "काही झालं नाही मला," ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही आता पाणीसुद्धा विचारून आणा."

गोरखने पावणेदोन लिटर तेल काढलं, जाळी धुतली. मग स्वतः गाडी घेऊन विठ्याच्या घाटात गेला. मी पुढे बसलो, साळवे मागच्या काचेला नाक लावून. उतरताना काही नाही. चढताना काही नाही. फक्त उतार संपून रेस दिली तेव्हा एक निळा झोत.

"त्यो सीलाचा," गोरख म्हणाला. "म्हातारपन हाय त्ये. त्याला औषध पाजू नका. चालंल अजून दोन वरसं." दुकानाशी परत आल्यावर तो साळव्यांना म्हणाला, "न्या ताईला बिनघोर." मग एक तार घेतली आणि आमच्यादेखत बॉनेट गाडीच्या पुढच्या जाळीला बांधून टाकलं. "नगर येईस्तोवर सोडायची न्हाई."

त्याने मजुरीचे तीस रुपये घेतले. राजूरचे पेढे मात्र जरूर घ्या. तात्यांनी एक किलो घेऊन दिले, आणि या वेळी सांगून दिले.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही, हेच त्याचं वैशिष्ट्य. सुजाता पुढच्या सीटवर पाय लांब करून झोपली. संध्याकाळी साळव्यांच्या दारात गाडी थांबली. ती उतरली, बॉनेटवरच्या तारेकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, गाडी चांगली आहे तुमची."



मुलगा ऑगस्टमध्ये झाला, नगरच्या दवाखान्यात, सुखरूप. त्या आठवड्यात वाडीचा रस्ता ओढ्याने नेला होता. तात्या नातवाचं तोंड बघायला आले ते राजूरपर्यंत चालत.

त्या प्रवासातून काय उरलं, असं विचाराल तर मला घाट आठवतो, भात आठवतो, पण खरी उरली ती एक शिस्त. गाडी बदलली, साळवे निवृत्त झाले, तरी महिन्यातून एकदा मी सपाटीवर गाडी उभी करतो, दहा मिनिटं थांबतो, पट्टी काढतो आणि त्यांना फोन लावतो. ते विचारतात, "किती आहे?" मी सांगतो. मग आम्ही दोघं मिळून ठरवतो की काहीही करायचं नाही.