विल्सन अंकलचे क्रोसाँ

"तुला हे कोणी शिकवलं?" असं शेफनी विचारलं आणि मी म्हणालो, कोणी नाही.

साफ खोटं.

मला विल्सन अंकलनी शिकवलं होतं. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. संध्याकाळी माणिकपूरच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना आहे. मी इथे फ्रान्समध्ये ड्युटीवर आहे, येऊ शकत नाही. म्हणून लिहितोय.

जे त्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अंकल अर्धं आयुष्य क्रूझच्या जहाजांवर पेस्ट्री कुक होते. रिटायर झाल्यावर माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये लीना आंटींबरोबर राहायचे आणि ऑर्डरचे केक करायचे. मी भुईगावचा, बारावी नापास. आमच्या वाडीतली केळी द्यायला त्यांच्याकडे गेलो, त्यांना केकवर साखरेचं फूल करताना बघितलं आणि निघायचंच विसरलो.

पुढे तीन वर्षं त्यांच्या किचनमध्ये शिकलो.

मी सगळं वहीत लिहायचो. ग्रॅम, मिनिटं, डिग्री. समास सोडून, खाडाखोड न करता. ते मला मास्तर म्हणायचे.

"मास्तर, अक्षर छान आलंय. आता पिठालाही हात लावा."

इकडच्या बेकिंग स्कूलचा फॉर्म त्यांनीच आणला. पप्पांना समजवायला भुईगावला आले आणि दोन तास केळ्यांच्या भावावरच बोलले. निघताना चपला घालता घालता म्हणाले, पोराचा हात चांगला आहे, जाऊ द्या त्याला. पप्पांनी मान हलवली. झालं.

आणि ती शाळा! काय सांगू. संगमरवरी टेबलं, माणूस उभा राहील एवढे ओव्हन, बटरच्या विटा रचून ठेवलेल्या. पहिल्या दिवशी मी नुसता वास घेत होतो. मैदाच दहा प्रकारचा. मला रात्री झोप लागायची नाही, इतका आनंद.

पहिल्याच आठवड्यात क्रोसाँचं प्रॅक्टिकल होतं. आपल्या चिरोट्यासारखे पदर सुटायला हवेत, पण मध्ये तूप-पिठाचा साटा नाही, बटरची सलग लादी. पीठ आणि बटर एकत्र लाटायचं, घडी घालायची, थंड करायचं, परत लाटायचं.

इथेच मी चुकलो.

चार्टवर लिहिलं होतं, घडीनंतर वीस मिनिटं फ्रीज. अंकलनी शिकवलं होतं चाळीस. मी अंकलचं ऐकलं. शिवाय भीतीपोटी वर दहा मिनिटं जास्त ठेवलं.

बटर काचेसारखं कडक झालं. लाटताना आतल्या आत तुटलं. ओव्हनमध्ये सगळं वितळून बाहेर आलं आणि माझे बारा क्रोसाँ तुपात बुडालेल्या पावासारखे बसले.

शेफ बाई शांत होत्या. त्याचीच जास्त भीती वाटली. एवढा वेळ थंड करायला कोणी शिकवलं, म्हणाल्या. सगळा वर्ग बघत होता. मी म्हणालो, कोणी नाही, व्हिडिओ बघून शिकलो.

त्या म्हणाल्या, शुक्रवारी परत कर. तेव्हाही जमलं नाही तर पुढच्या लेव्हलला पाठवणार नाही.

म्हणजे परत घरी.

अंकलचा राग आला होता, खोटं सांगत नाही. त्यांनी चुकीचं शिकवलं, असं वाटलं. दोन दिवस त्यांचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांचं नाव घेतलं नाही, तेसुद्धा.

ते आधी हसले. मग म्हणाले, "अरे, मी तुला माणिकपूरच्या मे महिन्यातलं शिकवलं. इथे बटर पळतं, म्हणून चाळीस मिनिटं. तिकडे ते आधीच गारठलेलं आहे. घड्याळ बघू नको. बटर वाकवून बघ. वाकलं तर लाट. तुटलं तर थांब."

मी विचारलं, आणि नावाचं?

"बरं केलंस. असल्या क्रोसाँना माझं नाव नको लावू. चांगले झाले की सांग."

शुक्रवारी मी टायमर लावलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा. प्रत्येक घडीला कोपरा वाकवून बघितला. बटर वाकत होतं.

ओव्हनच्या काचेतून ते फुगताना दिसले तेव्हा मी खाली बसूनच राहिलो. कसले पदर सुटले होते. शेफनी एक कापला, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. त्यांनी वहीत टिक केली आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या.

कोणी शिकवलं, हे या वेळी विचारलंच नाही.

मी घाबरट माणूस आहे. माझं इंग्लिशही तुटकं. तरी मागून हाक मारली. म्हणालो, शेफ, त्या दिवशी मी खोटं बोललो. मला माणिकपूरच्या विल्सन अंकलनी शिकवलं.

त्या थांबल्या. परत येऊन कापलेला अर्धा तुकडा उचलून खाल्ला. म्हणाल्या, त्यांना फोटो पाठव.

लगेच पाठवला. अंकल तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते. मला कोणी कळू दिलं नव्हतं, त्यांनीच बजावलं होतं. त्यांचा रिप्लाय आला, "वरून सगळेच छान दिसतात. उलटा करून दाखव." मी उलट्या क्रोसाँचा फोटो पाठवला. बऱ्याच वेळाने एक शब्द आला.

"बरा."

तीन वर्षांत ते मला कधी बरा म्हणाले नव्हते.

नऊ दिवसांनी ते गेले.

नंतर आंटींनी फोनवर सांगितलं, वॉर्डातल्या प्रत्येकाला तो फोटो दाखवून झाला होता. औषध द्यायला आलेल्या सिस्टरने विचारलं, किती छान, कोणी बनवले?

अंकल म्हणाले, "मी."

आंटी रडता रडता हसत होत्या. म्हणाल्या, बघ, शेवटी शेवटी खोटं बोलायला लागले.

नाही आंटी. ते खरंच बोलले.

अंकल, मनापासून नमस्कार. शांत झोपा.